शोभिवंत ध्वनिक्षेपक आणि शाळेचे अंगण

अलीकडे अनेक गावांतील प्राथमिक शाळांच्या बागांत एक नवी वस्तू दिसू लागली आहे. दिसावयास ती दगडाची शिळा, झाडाचा बुंधा, अळंबी, बेडूक किंवा हत्तीचे पिल्लू असते. परंतु तिच्या पोटात ध्वनिक्षेपक बसविलेला असतो. कधी माजी विद्यार्थी अशी वस्तू शाळेस भेट देतात, कधी लोकवर्गणीतून ती आणली जाते. मुलांना ती आवडते, अंगणास शोभा येते आणि परिपाठ, कवायत, बालसभा व राष्ट्रीय सण यांसाठी तिचा उपयोग होईल अशी सर्वांची अपेक्षा असते.

प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा निराशा पदरी येते. प्रार्थनेचा सूर ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. पुढच्या रांगेतील मुले कानांवर हात ठेवतात आणि मागच्या रांगेतील मुले एकमेकांस ‘काय सांगितले?’ असे विचारतात. मग ‘ही खेळणीच; हिच्यातून चांगला आवाज कसा निघणार?’ असे म्हणून ती वस्तू बाजूस टाकली जाते, किंवा आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरविली जाते. हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत. आकार विचित्र असल्यामुळे आवाज बिघडतोच असे नाही, आणि मोठा केल्यामुळे तो सुधारतो असेही नाही. शास्त्राची चार तत्त्वे ध्यानात घेतली आणि थोडे श्रम केले, तर अशा बहुतेक ध्वनिक्षेपकांतून समाधानकारक बोलणे ऐकू येऊ शकते.

१. मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज

बोलण्यात स्वर आणि व्यंजने अशी दोन अंगे असतात, हे भाषेच्या शिक्षकास सांगावयास नको. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने या दोहोंचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. स्वरांत ध्वनीची बहुतेक शक्ती असते आणि ती मुख्यत्वे खालच्या कंपनांत, म्हणजे सेकंदाला सुमारे शंभर ते हजार कंपनांच्या टापूत, असते. व्यंजनांची शक्ती फार अल्प. परंतु शब्दाची ओळख पटते ती त्यांच्यामुळेच. त, थ, प, फ, क, ख यांतील भेद दाखविणारा ध्वनी बव्हंशी सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या आसपास असतो, आणि ‘स’चा सीत्कार तर त्याहूनही वर जातो.

शोभिवंत ध्वनिक्षेपकाच्या तोंडावर जाड जाळी असेल, समोर झुडूप वाढले असेल किंवा त्याचे तोंड मुलांच्या पायांकडे असेल, तर प्रथम हरवतात ती व्यंजने. स्वर मात्र अडथळ्यास वळसा घालून पुढे जातात. त्यामुळे ‘आवाज येतो पण कळत नाही’ अशी स्थिती उत्पन्न होते. अशा वेळी आवाज वाढविला तर स्वरच अधिक मोठे होतात आणि उरलीसुरली व्यंजने त्यांखाली दडपली जातात.

या गोष्टीचे शिक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. सूचना दिल्यावर मागच्या रांगेतील एखादा मुलगा भलतेच काही करतो आणि दुर्लक्षी ठरतो. सर्दीपडशाने किंवा कान फुटल्याने ज्या मुलास थोडे कमी ऐकू येते, त्याची तर अधिकच कुचंबणा होते. असे मूल बहुधा आपणास ऐकू आले नाही हे सांगतही नाही. ते शेजाऱ्याकडे पाहून तसेच करू लागते. मुलाचे लक्ष नसते असे नव्हे. शब्द त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. म्हणून शाळेच्या ध्वनियोजनेची खरी कसोटी शेवटच्या रांगेतील मुलास ‘पाट’ आणि ‘पाठ’ वेगळे ऐकू येतात की नाही ही होय.

२. ध्वनिक्षेपकाचे कार्य

विजेच्या साहाय्याने माणसाचा आवाज मोठ्या समुदायापर्यंत पोचविण्याचे तंत्र शतकाहून थोडे अधिक जुने आहे. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात अशा साधनाचा जाहीर प्रयोग केला. १९१९ साली सॅन दिएगो येथे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे भाषण अशाच साधनाने हजारो लोकांनी ऐकले. पुढे १९२५ साली चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकू व हलते वेटोळे असलेल्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन प्रसिद्ध केले. आजच्या शोभिवंत शिळेच्या किंवा बेडकाच्या पोटात जो ध्वनिक्षेपक असतो, तो तत्त्वतः त्याच जातीचा होय.

त्याची रचना साधी आहे. लोहचुंबकाच्या खाचेत तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह गेला की ते मागेपुढे हलते. त्यास जोडलेला शंकू हलतो आणि हवा हलवितो. येथे एक अडचण उद्भवते. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. हे दोन्ही ध्वनी एकमेकांत मिसळले तर ते एकमेकांस मारतात, विशेषतः खालच्या कंपनांत. सुटा ध्वनिक्षेपक हातात धरून वाजविल्यास आवाज किरटा येतो, तो याच कारणाने. मागचा ध्वनी पुढे येऊ न देणे, हे पेटीचे पहिले काम. स्वतः न थरथरणे, हे तिचे दुसरे काम. ही दोन कामे जी वस्तू करील ती चांगली पेटी. मग ती चौकोनी असो वा बेडकाच्या आकाराची.

३. आकाराचे गुणदोष

आकाराविषयी एक रोचक गोष्ट आहे. हॅरी ओल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५१ साली निरनिराळ्या आकारांच्या पेट्यांवर ध्वनिक्षेपक बसवून तुलना केली. तीक्ष्ण कडा असलेल्या घनाकार पेटीच्या मध्यभागी बसविलेल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज खालीवर होत होता, तर गोलावर बसविलेल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज सर्वांत सारखा होता. कारण असे की, ध्वनी पृष्ठभागावरून सरकत कडेपाशी आला की तेथे एकाएकी विखुरतो. गोलास कडाच नसते. म्हणजे गुळगुळीत शिळा किंवा गोल अळंबी हा आकार मुळातच वाईट नव्हे. काही बाबतींत तो चौकोनी पेटीहून सरस आहे.

आपल्याकडे हौशी मुले मातीच्या मडक्याच्या तोंडावर ध्वनिक्षेपक बसवितात, त्याचेही कारण येथे सापडते. परंतु मडक्याचा आवाज घुमतो असाही अनुभव आहे. तो दोष बाहेरच्या आकाराचा नसून आतल्या पोकळीचा असतो. गोल पोकळीत ध्वनी सर्व बाजूंनी परावर्तित होऊन मध्यावर एकवटतो आणि काही विशिष्ट सूर नको तितके फुगतात. पोकळीत मऊ तंतू भरले की हा दोष पुष्कळ कमी होतो.

तेव्हा शोभिवंत ध्वनिक्षेपक हाती आल्यावर पुढील चार गोष्टी पाहाव्या.

(अ) भिंत. कुंभाराकडे मडके घेताना गिऱ्हाईक टिचकी मारून पाहते आणि खणखणीत वाजले तर ते पसंत करते. ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत कसोटी नेमकी उलट आहे. टिचकी मारल्यावर ‘ठण्’ असा लांबणारा नाद आला, तर ती भिंत बोलताना स्वतःचाही सूर मिसळणार हे निश्चित समजावे. ‘थप्’ असा बसका आवाज आला तर ती चांगली. पातळ प्लास्टिकच्या किंवा काचतंतूंच्या कवचास आतून डांबरी पट्टे चिकटविल्यास थरथर कमी होते. सिमेंटचे जाड कवच या दृष्टीने चांगले. मात्र ते वजनदार असल्याने मुलांच्या अंगावर कलंडणार नाही असे पक्के बसविले पाहिजे.

(आ) फटी. दोन भाग जोडलेल्या ठिकाणी, तार आत जाते त्या छिद्रापाशी व ध्वनिक्षेपकाच्या कडेभोवती हवा निसटते. जाड सूर वाजत असताना पेटलेली उदबत्ती सांध्याजवळ धरावी; धूर थरथरला तर तेथे फट आहे असे समजावे. ती बुजविण्यास सुताराची लांबी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पुरते. काही ध्वनिक्षेपकांत कारखानदाराने मुद्दाम नळीसारखे तोंड किंवा पाणी निघून जाण्याचे छिद्र ठेवलेले असते. ते मात्र बुजवू नये.

(इ) पोट. पोकळी रिकामी असेल तर उशीत भरतात तसे कृत्रिम तंतू सैलसर भरावे. कापूस वापरू नये. तो ओल धरतो व त्यात किडे होतात. तंतू शंकूस लागता कामा नयेत.

(ई) तोंड. शोभेसाठी हत्तीच्या सोंडेतून किंवा बेडकाच्या अरुंद जबड्यातून आवाज काढण्याची कल्पना असते. अरुंद बोळातून आलेला ध्वनी नाकात बोलल्यासारखा होतो. शंकूसमोरील जाळीचा निम्म्याहून अधिक भाग मोकळा असावा. रंगकाम करताना जाळीची भोके रंगाने भरतात, हा नित्याचा दोष होय. वर्षातून दोनदा तरी तोंड तपासावे. कुंभारीण माशी मातीचे घर बांधण्यास अशीच जागा शोधत असते.

४. उघड्यावरील ध्वनीचा स्वभाव

वर्गात भिंती व छत आवाज परत फिरवितात. त्यामुळे तो भरीव वाटतो. मैदानात गेलेला ध्वनी परत येत नाही. तेथे एक सोपा नियम लागू पडतो: अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका शिळेतील ध्वनिक्षेपक १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतो. शक्ती दहापट केल्यास पातळी १० डेसिबलने वाढते. म्हणून १० वॅटवर ती ९८ होईल. पुढे अंतराप्रमाणे ती अशी उतरते: २ मीटरवर ९२, ४ मीटरवर ८६, ८ मीटरवर ८०, १६ मीटरवर ७४ आणि ३२ मीटरवर ६८. माणसाचे साधे संभाषण १ मीटरवरून सुमारे ६० डेसिबल असते. म्हणजे शेवटच्या मुलास साधारण बोलण्याइतका आवाज पोचविण्यासाठी पहिल्या मुलाच्या कानाशी कर्कश गोंगाट करावा लागतो.

आता तेच काम निराळ्या रीतीने करून पाहू. एका मोठ्या ध्वनिक्षेपकाऐवजी चार लहान ध्वनिक्षेपक अशा बेताने मांडले की, कोणतेही मूल जवळच्या ध्वनिक्षेपकापासून ८ मीटरहून दूर नसेल. प्रत्येकास केवळ १ वॅट दिला तरी ८ मीटरवर ७० डेसिबल आवाज मिळतो. एकूण शक्ती ४ वॅट. शेवटच्या मुलास पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येते, पहिल्या मुलाचे कान वाचतात आणि शेजारच्या घरांस उपद्रवही कमी होतो. शोभिवंत ध्वनिक्षेपक बहुधा लहान असतात. ही त्यांची उणीव या रचनेत गुण ठरते.

जमीन व भिंत यांचाही परिणाम होतो. ध्वनिक्षेपक जमिनीवर ठेवला किंवा भिंतीस टेकविला तर खालचे सूर वाढतात. कोपऱ्यात ठेवल्यास आणखी वाढतात. गाण्यासाठी ही गोष्ट उपकारक आहे. परंतु बोलणे स्पष्ट हवे असेल तर ‘बास’ची कळ कमी करावी लागते.

हवामानाकडेही लक्ष द्यावे. दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा उष्ण असल्याने ध्वनी वर वळतो व दूरच्या मुलांपर्यंत पोचत नाही. सायंकाळी व रात्री जमीन थंड झाली की तोच ध्वनी खाली वळतो आणि दूरवर जातो. वाऱ्याच्या दिशेने ध्वनी लांब पोचतो. विरुद्ध दिशेस तो उचलला जातो. म्हणून ज्या बाजूने नेहमी वारा येतो त्या बाजूस ध्वनिक्षेपक ठेवून मुलांस त्याच्या पुढे बसविणे हिताचे असते.

५. जागा, उंची आणि दिशा

शिळेच्या आकाराचा ध्वनिक्षेपक जमिनीवर ठेवण्यासाठीच घडविलेला असतो. खासगी बागेत दोनचार माणसे खुर्च्यांवर बसतात तेथे ते ठीक आहे. शाळेत दीडशे मुले रांगेने बसतात. बसलेल्या मुलाचा कान जमिनीपासून जेमतेम दोन फूट उंच असतो आणि पहिल्या रांगेच्या पाठीमागे व्यंजने अडतात. सेकंदाला ३००० कंपनांच्या ध्वनीची लाट सुमारे ११ सेंटिमीटर लांब असते. एका मुलाचे डोकेही तिला अडविण्यास पुरे. याउलट १०० कंपनांच्या ध्वनीची लाट जवळजवळ साडेतीन मीटर असते. ती सर्वांना वळसा घालून जाते.

यावर उपाय सोपा आहे. शिळा किंवा बेडूक ओट्यावर, झाडाच्या पारावर अथवा विटांच्या चौथऱ्यावर ठेवावा आणि मागून पाचर देऊन त्याचे तोंड शेवटच्या रांगेच्या डोक्यांकडे रोखावे. उंच सूर सरळ रेषेत जातात. म्हणून ‘ज्या मुलास ध्वनिक्षेपकाचे तोंड दिसते त्यासच शब्द ऐकू येतो’ हा नियम व्यवहारात पुरेसा खरा आहे. अळंबीच्या आकाराचे काही ध्वनिक्षेपक चोहोबाजूंस आवाज फेकतात. ते भिंतीजवळ न ठेवता मुलांच्या मध्ये किंवा दोन गटांच्या मधल्या वाटेवर ठेवावे.

अनेक ध्वनिक्षेपक वापरताना काळाचे भान ठेवावे लागते. ध्वनीचा वेग हवेत २० अंश सेल्सिअस तापमानास सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. विजेचा संदेश सर्व ध्वनिक्षेपकांत एकाच क्षणी पोचतो. पण त्यांपासून निघालेला ध्वनी मुलापर्यंत निरनिराळ्या वेळी येतो. दोन ध्वनिक्षेपकांपासूनच्या अंतरांत १७ मीटरचा फरक असेल तर एक ध्वनी दुसऱ्यामागून सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागाने येतो. फरक याहून वाढला आणि दोन्ही आवाज सारखेच मोठे असले, तर शब्द दुहेरी ऐकू येतात. म्हणून मैदानाच्या दोन टोकांस समोरासमोर तोंडे करून ध्वनिक्षेपक ठेवणे ही मोठी चूक होय. सर्वांची तोंडे एकाच दिशेस असावी आणि प्रत्येकाचा आवाज आपल्या भागापुरताच असावा. समोर शाळेची किंवा मंदिराची उंच सपाट भिंत असेल तर तीही प्रतिध्वनी देते. तोंड थोडे तिरके केल्यास तो टळतो.

६. शक्ती, रोध आणि तारा

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या मोठ्या आकड्यास भुलू नये. ‘पीएमपीओ’ म्हणून दिलेले आकडे क्षणिक उच्चांकाचे व बहुधा फुगविलेले असतात. ‘आरएमएस’ म्हणून दिलेला आकडा त्यातल्या त्यात विश्वसनीय असतो. त्याहून उपयोगी माहिती म्हणजे १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर मिळणारी डेसिबल-पातळी. शोभिवंत ध्वनिक्षेपकाची ही पातळी ८८ आणि जत्रेत दिसणाऱ्या धातूच्या कर्ण्याची १०५ असेल, तर फरक १७ डेसिबलांचा होतो. तो भरून काढण्यास सुमारे पन्नासपट शक्ती लागेल. मोठ्या मैदानावरील क्रीडास्पर्धांसाठी कर्णा आणि अंगणातील परिपाठासाठी शोभिवंत ध्वनिक्षेपक, अशी कामाची वाटणी करणेच शहाणपणाचे.

जोडणीत पुष्कळ साधने जळतात. साध्या ध्वनिक्षेपकाचा रोध ४ किंवा ८ ओहम असतो. ८ ओहमचे दोन समांतर जोडल्यास ४, आणि चार जोडल्यास केवळ २ ओहम रोध उरतो. बहुतेक लहान ध्वनिवर्धकांस इतका कमी रोध सोसत नाही. ध्वनिवर्धकाच्या पाठीमागे लिहिलेल्या किमान रोधाच्या खाली केव्हाही जाऊ नये.

लांब तारांतही शक्ती वाया जाते. ५० मीटर अंतरासाठी जाण्यायेण्याची तार १०० मीटर होते. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत एवढ्या लांबीस सुमारे ३.५ ओहम रोध येतो. म्हणजे ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकासाठी पाठविलेल्या शक्तीपैकी तीस टक्क्यांच्या आसपास तारेतच खर्ची पडते. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हा तोटा तेरा टक्क्यांच्या आत येतो. अंतर फार असेल आणि ध्वनिक्षेपक पुष्कळ असतील तर १०० व्होल्टची ‘लाइन’ पद्धत वापरावी. तीत प्रत्येक ध्वनिक्षेपकास लहान रोहित्र असते, तारेतील तोटा नगण्य होतो आणि सर्व रोहित्रांच्या वॅटची बेरीज ध्वनिवर्धकाच्या शक्तीच्या आत ठेवली म्हणजे झाले. रोहित्र नसलेला ध्वनिक्षेपक मात्र या तारेस चुकूनही जोडू नये.

धन व ऋण टोके सर्व ध्वनिक्षेपकांत सारखी जोडावी. एकाची टोके उलटी झाली तर तो पुढे ढकलील तेव्हा दुसरा मागे ओढील आणि मधल्या जागी आवाज पोकळ होईल. रोहित्र नसलेल्या ध्वनिक्षेपकास दीड व्होल्टचा विजेरीचा घट क्षणभर लावून पाहावा. धन टोकास धन लावल्यावर शंकू बाहेर येतो.

७. ध्वनिग्राहक आणि शिट्टी

पुष्कळ वेळा दोष बेडकाच्या पोटात नसून बोलणाऱ्याच्या हातात असतो. ध्वनिग्राहक तोंडापासून चार ते सहा इंचांवर, किंचित बाजूस धरावा. अगदी ओठांस लावला की स्वर फुगतात आणि प, फ, भ यांचे फुत्कार स्फोटासारखे उमटतात. हातभर दूर धरला की आवाज वाढवावा लागतो आणि कर्कश शिट्टी सुरू होते. ध्वनिक्षेपकातून निघालेला आवाज पुन्हा ध्वनिग्राहकात शिरून फिरत राहिला म्हणजे ही शिट्टी उत्पन्न होते. म्हणून बोलणाऱ्याने ध्वनिक्षेपकांच्या मागे उभे राहावे, पुढे कधीही नाही. ध्वनिग्राहक बंद आहे की चालू हे पाहण्यासाठी त्यावर टिचक्या मारण्याची किंवा फुंकण्याची सवय मुलांस लावू नये. त्याने साधन बिघडते. हळू, तोडून आणि वाक्याच्या शेवटी आवाज न पाडता बोलणे, हा स्पष्टतेचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

८. पाऊस, वीज आणि दक्षता

कोकणातील पाऊस आणि देशावरील धूळ व ऊन यांत कोणतीही वस्तू सुरक्षित नसते. खरेदी करताना साधनावरील ‘आयपी’ अंक पाहावा. त्यातील दुसरा आकडा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दर्शवितो. ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून, आणि ५ म्हणजे पाण्याच्या झोतापासून संरक्षण. पावसाळ्यात ध्वनिक्षेपक आत ठेवता आले तर उत्तमच. नपेक्षा तोंड किंचित खाली करावे व तारेस आत शिरण्यापूर्वी खाली लोंबता बाक द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता बाकापाशी गळून पडते.

ध्वनिवर्धक नेहमी खोलीत, कोरड्या जागी ठेवावा. त्यास योग्य भूयोजन असावे आणि त्याच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपियरचा गळतीरक्षक स्विच बसवावा. १०० व्होल्टची ध्वनितारही अंगास धक्का देऊ शकते. ती उघडी, तुटकी किंवा मुलांच्या पायात येणारी असू नये. ढगांचा गडगडाट ऐकू येताच सर्व जोडण्या काढाव्या. मुले बेडकावर चढणार आणि हत्तीवर बसणार, हे गृहीत धरूनच तो बसवावा. जोडणीचे काम जाणत्या वीजतंत्र्याकडूनच करवून घ्यावे.

९. शेजार आणि नियम

ध्वनी कुंपण जाणत नाही. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपक वापरण्यास प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर त्याचा वापर सामान्यतः निषिद्ध आहे. निवासी क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५५ व रात्रीची ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रासाठी ती अनुक्रमे ५० व ४० आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूदही त्यांत आहे. ज्या शाळेसाठी इतरांनी शांतता पाळावयाची, तिनेच गोंगाट करणे शोभणार नाही. मुख्याध्यापकांनी आपल्या गावापुरती परवानगीची स्थिती विचारून घ्यावी व ध्वनिक्षेपकाचा वापर परिपाठ, आवश्यक सूचना व कार्यक्रम यांपुरताच ठेवावा.

१०. शेवटच्या रांगेची परीक्षा

रचना पूर्ण झाल्यावर तिची परीक्षा मुलांकडूनच घ्यावी. तीस शब्द निवडावे, त्यांत एका व्यंजनाचाच भेद असलेले शब्द असावे: घर, धर, भर, पान, तान, कान, साल, शाल, चाल, पाट, पाठ, तास, खास, पास. शब्दांचा क्रम मिसळून शिक्षकांनी ध्वनिग्राहकावरून सावकाश ते उच्चारावे. मैदानावर पुढे, मध्ये, मागे व दोन्ही कडांस बसविलेल्या मुलांनी ते पाटीवर लिहावे. शुद्धलेखनात पक्की असलेली मुले यासाठी घ्यावी, म्हणजे चूक कानाची की लेखनाची असा घोळ राहणार नाही. प्रत्येक जागेचे बरोबर शब्द मोजून मैदानाच्या आराखड्यावर मांडावे. जेथे आकडा कमी येईल तेथे काय अडते ते शोधावे. ध्वनिक्षेपकाचे तोंड वळवावे, तो उंच करावा, ‘बास’ कमी करावा आणि पुन्हा परीक्षा घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा गुण कशामुळे आला हे कळणार नाही.

या एका उपक्रमातून मोजमाप, आलेख, ध्वनीचा वेग, परावर्तन आणि उच्चारशुद्धी असे अनेक विषय वरच्या इयत्तांतील मुले स्वतःच्या अनुभवाने शिकू शकतात. एक दक्षता मात्र आवश्यक आहे. सर्व जागा बदलून पाहिल्यावरही एखाद्या मुलाचे शब्द सातत्याने चुकत असतील, तर दोष यंत्राचा नसून त्या मुलाच्या कानाचा असण्याचा संभव असतो. अशा मुलाचे नाव चारचौघांत न घेता पालकांना सुचवावे व आरोग्य तपासणीच्या वेळी वैद्यकीय पथकाच्या नजरेस आणून द्यावे. तोपर्यंत त्यास पहिल्या रांगेत बसवावे. अंगणातील बेडकाकडून एवढे एक काम झाले, तरी त्यावरील खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.